विडीविषयी विचारताना : नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यास पत्र

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तेंदूपत्त्याच्या मुलखातील प्राथमिक आरोग्य केंद्रात तू रुजू झालीस आणि पहिल्याच महिन्यात तिथली माणसे तुला आपली वाटू लागली, हे वाचून फार समाधान वाटले. पत्रातील एका वाक्याचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे. तू लिहितेस, ‘सकाळच्या ओपीडीत सत्तर रुग्ण असतात, प्रत्येकाला विडी सोडा म्हणत बसले तर औषधे कधी लिहू, आणि सांगून तरी कोण ऐकतो?’ माझे म्हणणे असे की, विडी ओढणाऱ्या रुग्णाला तिच्याविषयी नीट विचारणे आणि ती सोडायला सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तुझ्या केंद्रातील औषधांच्या कपाटात असे दुसरे काहीही नाही, जे त्या माणसाला इतकी वर्षे मिळवून देईल.

‘वर्षे’ हा शब्द मी मोजून वापरला आहे. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांची तुलना करून धूम्रपानाचा संबंध दाखवला, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. मग त्यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली आणि चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचे पुढे काय झाले, याची नोंद तब्बल पन्नास वर्षे ठेवण्यात आली. डॉल यांनी स्वतःची सिगारेट याच कामाच्या सुरुवातीच्या काळात सोडली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, आयुष्यभर सिगारेट ओढणारे डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी वारले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना त्यांतील सुमारे तीन वर्षे परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे जवळजवळ सगळे नुकसान टळले. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची कोणती गोळी चाळिशीच्या माणसाला नऊ वर्षे देते, हे तूच सांग.

‘ते साहेबांचे आकडे, आमच्या विडीचे वेगळे’ असे तुला तिथे कोणी तरी नक्की म्हणेल. त्याचे उत्तरही आपल्याकडे आहे. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतभरातील सुमारे ७४,००० मृत आणि ७८,००० जिवंत प्रौढांच्या धूम्रपानाची घरोघरी चौकशी करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. विडी ओढणारे पुरुष सरासरी सहा वर्षे, विडी ओढणाऱ्या स्त्रिया सुमारे आठ वर्षे आणि सिगारेट ओढणारे पुरुष सुमारे दहा वर्षे लवकर जातात, असे त्यांत दिसले. तीस ते एकोणसत्तर या वयात मृत्यू येण्याची शक्यता ओढणाऱ्या पुरुषांत ६१ टक्के, तर तशाच परिस्थितीतील न ओढणाऱ्यांत ४१ टक्के होती. हे म्हातारपणातले मरण नव्हे. मुलीचे लग्न व्हायचे आहे आणि कर्जाचे हप्ते चालू आहेत, अशा वयातले मरण आहे.

त्या अभ्यासातील एक गोष्ट तुझ्या केंद्रासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. आपण पुस्तकात धूम्रपान म्हटले की फुप्फुसाचा कर्करोग वाचतो आणि परीक्षेत तेच लिहितो. आपल्याकडे मात्र ओढणाऱ्यांच्या जादा मृत्यूंमध्ये क्षयरोग, श्वसनाचे इतर विकार आणि हृदयविकार यांचा वाटा फार मोठा आहे. ओढणाऱ्या पुरुषांत क्षयाने मृत्यू येण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. याचे कारण शरीरात शोधायला फार खोल जावे लागत नाही. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केस धुराने लुळे पडतात, त्यामुळे आत गेलेला जंतू बाहेर ढकलला जात नाही. आणि फुप्फुसातील ज्या भक्षक पेशींनी त्याला गिळून निकामी करायचे, त्याही धुराच्या माऱ्याने दुबळ्या होतात. म्हणून क्षयाची औषधे सुरू करताना रुग्णाच्या हातात विडीचे बंडल तसेच राहिले, तर आपण अर्धेच काम केले असे मी समजतो. सहा महिन्यांच्या उपचारात तो माणूस आपल्याला अनेकदा भेटतो. विडी सोडवण्याची याहून चांगली संधी सरकारी व्यवस्थेत क्वचितच मिळते.

आता कसे विचारायचे ते सांगतो, कारण केसपेपरवर ‘व्यसन : आहे’ एवढेच लिहिण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे आणि ती कोणाच्याही उपयोगाची नाही. ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ असे विचारलेस तर विडी ओढणारे अनेक जण सरळ ‘नाही’ म्हणतील, कारण त्यांच्या लेखी तो शहरातल्या सिगारेटचा प्रश्न असतो. विडी, सिगारेट, चिलीम अशी नावे घेऊन विचार. दिवसाला किती, असे विचारण्यापेक्षा ‘एक बंडल किती दिवस पुरते?’ असे विचारलेस तर उत्तर खरे मिळते. किती वर्षांपासून, आणि सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने, हे दोन प्रश्न त्यापुढे हवेत. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत जो पेटवतो, त्याचे शरीर निकोटीनला पक्के बांधले गेले आहे असे समज आणि त्याला नुसत्या शब्दांवर सोडू नकोस. बायकांनाही विचार, एकांतात विचार, पण विचार.

रुग्णाला विडी सिगारेटपेक्षा सौम्य वाटते, कारण ती लहान असते आणि तिच्यावर पान असते. तू एकदा एखाद्याला विडी ओढताना लक्षपूर्वक पाहा. सिगारेटच्या कागदातून थोडी हवा आत झिरपते, म्हणून ती हातात धरली तरी जळत राहते. तेंदूच्या पानातून हवा जात नाही, म्हणून विडी ठेवली की विझते आणि ती पेटती ठेवण्यासाठी माणसाला झुरक्यांमागून झुरके, तेही जोर लावून घ्यावे लागतात. तंबाखू सिगारेटच्या मानाने थोडी असते, तरीही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा जो भार शरीरावर पडतो तो सिगारेटच्या बरोबरीचा आणि पुष्कळदा अधिक असतो. ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटींचेही तसेच झाले. फिल्टरला बारीक छिद्रे पाडून यंत्रावरचे आकडे कमी दाखवले गेले आणि माणसांनी खोल झुरके घेऊन आपले निकोटीन भरून काढले. ‘दहाच्या चारवर आलो’ असे रुग्ण सांगतो तेव्हा त्याचे कौतुक कर, पण तिथे थांबू देऊ नकोस. हृदयाच्या बाबतीत दिवसाला एक सिगारेटही निरुपद्रवी नाही. वीस ओढणाऱ्याला जो जादा धोका असतो, त्याचा निम्म्याच्या आसपासचा भाग एक ओढणाऱ्यालाही असतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले आहे.

पायांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ग्रामीण भागात हा आजार फार उशिरा ओळखला जातो. तिशी-पस्तिशीचा, मधुमेह नसलेला पुरुष ‘चालताना तळपाय भरून येतो, थांबले की बरे वाटते’ असे म्हणत आला, तर त्याला वेदनाशामक देऊन परत पाठवू नकोस. चप्पल काढायला लावून दोन्ही पावले उघडी पाहा. बोटे थंड आहेत का, अंगठ्याच्या कडेला न भरणारी छोटी जखम आहे का, पाय खाली लोंबवल्यावर लालसर-जांभळे होतात का, ते पाहा आणि घोट्याच्या आतल्या बाजूची व पावलावरची नाडी स्वतः चाचपून बघ. बर्गर्स डिसीज, म्हणजे हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडण्याचा आजार, असेल तर तो माणूस जवळजवळ नेहमीच तंबाखू वापरणारा असतो आणि आपल्या देशात बहुधा विडी ओढणारा असतो. मी वॉर्डात असे रुग्ण पाहिले आहेत ज्यांचे आधी एक बोट गेले, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि तरीही खाटेखाली बंडल होते. तलफ किती क्रूर असते ते मला तिथे समजले. म्हणून अशा माणसाला निर्लज्ज म्हणणाऱ्या सहकाऱ्याला मी कधी गप्प बसून ऐकून घेतले नाही. या आजारात तंबाखू पूर्ण बंद केल्याशिवाय कोणतेही औषध टिकाऊ गुण देत नाही. बोटे काळी पडण्यापूर्वी ज्यांनी ती पूर्ण बंद केली, त्यांचे पाय बहुतेक वेळा वाचतात. हे वाक्य रुग्णाला याच शब्दांत सांग.

दम्याच्या नावाखाली येणारे जे पन्नाशीचे पुरुष तू रोज पाहतेस, त्यांतील अनेकांना खरे तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा फुप्फुसाचा आजार, असतो. पंपाने त्यांना आराम पडतो, परंतु फुप्फुसाची क्षमता ज्या वेगाने घसरत असते तो वेग मंदावण्यासाठी विडी सोडण्याइतके परिणामकारक काही नाही. गमावलेले फुप्फुस परत येत नाही, पुढची घसरण मात्र न ओढणाऱ्याच्या चालीवर येते. इथे एक सावधगिरी हवी. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बाईलाही हाच आजार होतो. तिच्या कागदावर सवयीने ‘व्यसन : आहे’ लिहू नकोस. लघवीतून न दुखता रक्त गेले तर ओढणाऱ्या माणसात मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका घेऊन वर पाठव. स्वरयंत्र, अन्ननलिका, स्वादुपिंड, मोतीबिंदू, न भरणाऱ्या जखमा, गर्भातील बाळाचे कमी वजन, ही यादी तुला पाठ आहेच.

‘सांगून कोण ऐकतो’ या प्रश्नाकडे आता येतो. कोणाच्याही मदतीशिवाय एका वर्षात शंभरांतील दोन-तीन जण सोडतात. डॉक्टरने दोन-तीन मिनिटे नीट सांगितले तर त्यांत आणखी एक ते तीन जणांची भर पडते. हा आकडा ऐकून निराश होऊ नकोस. वर्षभरात तू हजार ओढणाऱ्यांना सांगितलेस तर दहा ते तीस माणसे केवळ तुझ्या सांगण्याने सोडतील, आणि प्रत्येकाची किती वर्षे वाचतात ते वर लिहिलेच आहे. बोलणे मात्र त्याच्या आजाराला जोडून असावे. ‘विडी वाईट’ हे त्याला माहीत आहे. ‘तुमच्या छातीचा हा फोटो, तुमच्या पायाची ही नाडी, आणि विडी थांबली तर हे इथे थांबेल’ असे सांगितले की माणूस मान वर करून पाहतो. त्याच्यासमोरच एक दिवस ठरवून घे आणि तो कागदावर लिही.

निकोटीनची गोळी, म्हणजे च्युइंगम, लिहून देशील तर ती कशी खायची हे दाखवल्याशिवाय देऊ नकोस. तुझ्या भागात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, चघळण्याची सवय आहे. माणूस गमही तसाच सपासप चावतो, निकोटीन पोटात जाते, उचकी आणि मळमळ होते आणि दुसऱ्या दिवशी तो गम फेकून देतो. हळूहळू चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा चावायची, आणि चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे थांबायचे. पहाटे उठल्या उठल्या ओढणाऱ्याला चार मिलिग्रॅमची, इतरांना दोनची. आणि त्याच बैठकीत स्पष्ट विचार की विडीच्या जागी खर्रा तर सुरू होणार नाही ना. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले होते. म्हणजे विडी सोडलेल्या माणसाच्या आजूबाजूला तंबाखूची दुसरी पुडी नेहमीच हजर असते, आणि फुप्फुस वाचवताना तोंडाचा कर्करोग पदरात घेणे हा काही सौदा नव्हे.

पहिल्या आठवड्यात काय होणार हे आधी सांगितलेस तर निम्मे रुग्ण घसरण्यापासून वाचतील असे माझे मत आहे. चिडचिड होते, झोप मोडते, भूक वाढते, वजन काही किलोंनी चढते. खोकला आणि बेडका काही आठवडे वाढल्यासारखा वाटतो, कारण ते लुळे पडलेले सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागतात. रुग्ण मात्र ‘सोडल्यामुळेच कफ झाला’ असे म्हणून पुन्हा पेटवतो. विडीशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार हसण्यावारी नेऊ नकोस. निकोटीन बंद झाल्यावर खरोखरच बद्धकोष्ठ होतो. पाणी, पालेभाज्या आणि गरज पडली तर आठवडाभर साधे औषध एवढ्याने तो प्रश्न सुटतो. तलफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात आणि तोंड कशात तरी गुंतवायचे, हेही घरच्या माणसासमोर सांग.

ठरलेल्या दिवसानंतर आठवड्याच्या आत त्याला पुन्हा बोलाव. तो आला नाही तर आशाताईंना सांगून निरोप पाठव. पुन्हा ओढू लागला असेल तर रागावू नकोस, कशामुळे पेटवली ते विचार आणि नवा दिवस लिही, कारण कायमची सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी अनेकदा प्रयत्न केलेले असतात. पाकिटावर छापलेला, तंबाखू सोडायला मदत करणारा १८०० ११ २३५६ हा निःशुल्क क्रमांक ओपीडीच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लावून घे. आणि केंद्रातील कर्मचाऱ्यांपैकी कोणी मागच्या व्हरांड्यात ओढत असेल, तर पहिला कागद त्याचा तयार कर. रुग्ण डॉक्टरपेक्षा त्याच्याकडे अधिक वेळ पाहत बसलेले असतात.

पुढच्या पत्रात क्षयाच्या नव्या रुग्णांपैकी किती जण ओढतात आणि किती जणांनी दिवस ठरवला, तेवढे मला कळव. कोणाच्या पायाची नाडी लागत नसेल तर वाट न पाहता त्याच दिवशी फोन कर.

तुझा,
सर