प्रार्थना करूनही संकट हटत नाही, मग विश्वासात टिकून कसं राहायचं?

हटत नाही म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला, असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका. बायबलमधल्या प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढं उत्तर मिळालं (2 करिंथ 12).

मला स्वतःला जास्त आधार एलीयाचा वाटतो. 1 राजे 19 वाचा. थकलेला संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, तो झोपतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो, कारण वाट लांबची आहे. देवाने आधी त्याच्या शरीराची काळजी घेतली, हे आपण फार सहज विसरतो.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 88 मोठ्याने म्हणा. ते अंधारातच संपतं, तरीही पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे तक्रारसुद्धा प्रार्थनाच.

आणि एकटे राहू नका. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका विश्वासू माणसाला आजच खरं काय ते सांगा. जगणंच नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरकडेही जा.