वाचकांचे प्रश्न : जुना ॲपलेट स्वतःच्या खिडकीत

प्रश्न : प्रकाशाचे अपवर्तन दाखवणारा एक जुना जावा ॲपलेट (वेबपानात चालणारा छोटा प्रोग्राम) आहे, सोर्सही (मूळ कोड) आहे. ब्राउझरमध्ये उघडत नाही म्हणून कोडमध्ये ‘जेॲपलेट’ या वर्गाच्या जागी ‘जेफ्रेम’ (स्वतंत्र खिडकीचा वर्ग) लिहिले, कंपाइलरच्या तक्रारी मिटवल्या, मेन (प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन) लिहून त्यातून इनिट (ॲपलेटची सुरुवातीची तयारी करणारे फंक्शन) बोलावले. आता इनिटमध्येच नलपॉइंटर एक्सेप्शन (अस्तित्वात नसलेली वस्तू वापरल्याची चूक) येते. चित्र रेखाटण्याच्या कोडला हातही लावलेला नाही.

उत्तर : ब्राउझरचा नाद सोडलात हे योग्यच. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावा प्लगइन बंद केले. जेडीके (जावाचा विकाससंच) ११ मधून तर प्लगइन आणि ॲपलेटव्ह्यूअर (ब्राउझरविना ॲपलेट चालवणारे साधन) दोन्ही गेले. पण नुसता वर्ग बदलून भागत नाही. ऑब्जेक्ट तयार करणे, एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या रुंदी-उंचीची जागा देणे, मग इनिट, मग स्टार्ट, आणि पान सोडताना स्टॉप, ही कामे ब्राउझर मुकाट्याने करत होता. आता ती तुमच्या मेनने करायची आहेत, आणि त्याच क्रमाने.

तुमचे एक्सेप्शन बहुतेक क्रिएटइमेजमुळे येत असावे. जुने ॲपलेट चित्र लुकलुकू नये म्हणून इनिटमध्येच पडद्याआडची इमेज बनवून ठेवत. ब्राउझरमध्ये त्या वेळी जागा मिळालेली असे. तुमच्या मेनमध्ये खिडकी अजून अस्तित्वातच नाही, म्हणून क्रिएटइमेज नल परत करते आणि पुढच्याच ओळीत गेटग्राफिक्स आपटते.

तुमचा वर्ग जेफ्रेमऐवजी जेपॅनेलपासून (खिडकीत बसणाऱ्या पटलापासून) घ्या. खिडकी वेगळी ठेवा. मेनमध्ये स्विंगयुटिलिटीजच्या इन्व्होकलेटरमध्ये हा क्रम लिहा : पॅनेल बनवा, सेटप्रिफर्डसाइझने जुन्या एचटीएमएलमधले आकडे द्या (समजा ६०० बाय ४००), पॅनेल जेफ्रेममध्ये घाला, पॅक करा (खिडकी आतल्या मापाला बसवा), त्यानंतर इनिट, मग सेटव्हिजिबल आणि शेवटी स्टार्ट. पॅकऐवजी फ्रेमलाच सेटसाइझ ६००, ४०० दिले, तर शीर्षकपट्टी आणि कडा त्याच मापात धरल्या जातात आणि आकृतीचा खालचा भाग कापला जातो. ही चूक फार जण करतात.

जेॲपलेटची मांडणी बॉर्डरलेआउट असते, जेपॅनेलची फ्लोलेआउट. सेटलेआउट विसरलात तर स्लायडर आणि बटणे वर एका ओळीत गोळा होतील. पेंटमधले रेखाटन पेंटकंपोनंटमध्ये हलवा आणि पहिली ओळ सुपर.पेंटकंपोनंट ठेवा, नाहीतर आधीचे किरण पुसले जात नाहीत. स्विंग (जेफ्रेम, जेपॅनेल ज्यातले आहेत तो जावाचा संच) स्वतःच दुहेरी बफर वापरते, म्हणजे चित्र आधी पडद्याआड काढते, त्यामुळे ती पडद्याआडची इमेज नंतर काढून टाकलीत तरी चालेल.

खिडकी बंद करण्याकडेही बघा. जेफ्रेम मुळात बंद होत नाही, फक्त लपते. ॲनिमेशनचा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारे काम) मागे चालूच राहतो. सेटडिफॉल्टक्लोजऑपरेशनला एक्झिट_ऑन_क्लोज द्या. स्टॉपमध्ये काही जतन होत असेल तर विंडोक्लोजिंग लिसनरमधून स्टॉप आणि डिस्ट्रॉय स्वतः बोलवा, कारण ती कोणी बोलावणार नाही. एचटीएमएलमधून गेटपॅरामीटरने येणाऱ्या किमती मेनच्या आर्ग्युमेंटमधून किंवा प्रॉपर्टीज फाइलमधून घ्या.

प्रश्न : रूपांतर जमले, पण जार (सगळे एकत्र बांधलेली जावाची फाइल) केल्यावर चित्रे गायब होतात. फोल्डरमधून चालवले की दिसतात.

उत्तर : दोन कारणे तपासा. कोडमध्ये फाइलचा मार्ग लिहिला असेल तर जारच्या आतली वस्तू डिस्कवरची फाइल नसते, म्हणून ती सापडत नाही. ॲपलेटचा पत्ता देणाऱ्या गेटकोडबेसच्या जागी गेटक्लास().गेटरिसोर्स वापरा. नावापुढे तिरपी रेघ दिली तर शोध जारच्या मुळापासून होतो, नाही दिली तर त्या वर्गाच्या पॅकेजमधून. दुसरे कारण लहान-मोठ्या अक्षरांचे. विंडोज फोल्डरमध्ये हा फरक पाळत नाही, जार पाळते. फाइलच्या नावात मोठे अक्षर आणि कोडमध्ये लहान असेल तर गेटरिसोर्स नल देते. मॅनिफेस्ट (जारची माहिती देणारी फाइल) हाताने लिहिले असेल तर मेन-क्लासच्या ओळीनंतर एंटर मारलेला आहे ना, तेही बघा. नसल्यास ती ओळ वाचलीच जात नाही.

प्रश्न : ॲपलेटमध्ये बाणाच्या कळा चालत, आता चालत नाहीत.

उत्तर : जेपॅनेलकडे फोकस, म्हणजे कळा स्वीकारण्याचा हक्क, आपोआप येत नाही. सेटफोकसेबल(ट्रू) करा आणि खिडकी पॅक केल्यानंतर रिक्वेस्टफोकसइनविंडो बोलवा. पॅक करण्यापूर्वी बोलावले तर उपयोग नाही.

प्रश्न : ज्यांच्या संगणकावर जावा नाही त्यांना कसे द्यायचे?

उत्तर : जेपॅकेज वापरा, जेडीके १६ पासून ते पक्के साधन म्हणून सोबत येते. इनपुट फोल्डर, मेन जार आणि नाव दिले की जावासह सगळे एकत्र बांधून मिळते. विंडोजवर इन्स्टॉलर हवा असेल तर विक्स टूलसेट हा वेगळा संचही लागतो. टाइप म्हणून ‘ॲप-इमेज’ (इन्स्टॉलरविना तयार फोल्डर) दिलेत तर लागत नाही, झिप करून वाटता येते. मात्र विंडोजचे पॅकेज विंडोजवरच आणि मॅकचे मॅकवरच बनते.