सकाळी काचा आतून ओल्या, डावीकडे कुबट वास: आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

तुमची हॅचबॅक चिपळूणला उघड्यावर उभी असते, गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलेली आहे. सकाळी सगळ्या काचा आतून इतक्या ओल्या असतात की फडकं पिळावं लागतं, पुढच्या डाव्या सीटसमोर कुबट वास येतो, आणि गॅरेजवाल्यांनी ‘पावसाळ्यात होतंच’ म्हणून परत पाठवलं. मला ते अजिबात पटत नाही. इतकं पाणी नुसत्या पावसाळी हवेतून सुटत नाही.

हिशोबच करू. छोट्या गाडीच्या केबिनमध्ये साधारण ३ घनमीटर हवा असते. २५ अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प असतं, २० अंशांना सुमारे १७. रात्रीत गाडी ५ अंशांनी गार झाली, तरी आतल्या हवेतून १७-१८ ग्रॅम पाणी निघेल, म्हणजे तीन-चार चमचे, आणि तेही सगळ्या काचांवर पसरलेलं. फडकं पिळावं लागतंय, म्हणजे रोज रात्री आत नवी वाफ तयार होतेय. ती येते कार्पेटखालच्या फोममधून. हा फोम कित्येक लिटर पाणी पिऊन बसतो आणि वरून हात लावला तर कार्पेट जेमतेम दमट लागतं. त्यावर सेव्हन-डी मॅट (गाडीच्या मापाची, सगळा तळ झाकणारी जाड मॅट) बसवली असेल तर महिनोन् महिने काही कळतच नाही. या मॅटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोकणात ती नको. साधी रबरी मॅट घ्या, उचलून झटकता येते.

तेव्हा आधी मॅट काढा, डावीकडचं कार्पेट कडेने उचला आणि फोम मुठीत दाबून बघा. पाणी निघालं तर ते कसलं आहे ते पाहा. चिकट, गोडसर वासाचं, हिरवट किंवा गुलाबी असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे. हीटरची जाळी गळतेय. अशा वेळी पुढच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो, पुसला तरी पसरतो, आणि बॉनेटखालच्या बाटलीतली पातळी उतरत जाते. हे काम डॅशबोर्ड सोडवण्यापर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे ते जाणत्या माणसाकडेच द्या.

पाणी स्वच्छ असेल तर मला सगळ्यात जास्त संशय एसीच्या ड्रेन पाइपचा आहे. एसीची कूलिंग कॉइल आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा ग्लव्ह बॉक्सच्या मागे असते. हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं आणि एका छोट्या रबरी नळीतून गाडीखाली पडतं. नळीत धूळ, पानांचा चुरा किंवा किड्याचं घर अडकलं की तेच पाणी उलटून डाव्या पायाशी येतं. चाचणी सोपी आहे. गाडी कोरड्या जागी उभी करून एसी पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि खाली वाकून बघा. चिपळूणच्या जुलैत पाण्याची चांगली धार पडायला हवी. थेंबही पडत नसेल तर चोर सापडला. खालून मऊ वायर किंवा हलकी हवा मारून नळी मोकळी होते. टोकदार वस्तू आत खुपसू नका, कॉइल फाटली तर गॅस जाईल.

खाली धार नीट पडतेय, तर पाणी पावसाचं आहे. वायपरखालची जाळी उचला. तिथे पानं साचून निचऱ्याची भोकं बुजली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं आणि केबिन फिल्टर भिजतो. गाडी आंब्याफणसाखाली उभी राहत असेल तर हे दर पंधरवड्याला बघावंच लागतं. तिथे काही नसेल तर दार. डोअर पॅडच्या मागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना तो फाडलेला किंवा अर्धवट चिकटवलेला मी अनेकदा पाहिलाय. मग एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा, खालून सुरुवात करून हळूहळू वर. थेट टपावरून सोडलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली तेच कळत नाही.

कारण मिळाल्यावरच वाळवणी. सीट काढून कार्पेट पूर्ण उचलायचं, फोमखाली विटा सरकवायच्या आणि घरातला पंखा लावायचा. उन्हाची वाट बघत बसू नका. वायरिंगचे जोड बऱ्याच गाड्यांत सीटखालीच असतात, त्यांवर हिरवट गंज दिसला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. सिलिका जेलच्या पुड्या भिजलेल्या फोमपुढे काहीच कामाच्या नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

हे होईपर्यंत कुंभार्ली घाट चढताना काचेवर वाफ धरली तर हाताने पुसू नका, त्वचेचं तेल लागून रात्री समोरच्या दिव्यात काहीच दिसत नाही. वायपर एकदा फिरवा. काच साफ झाली तर वाफ बाहेरच्या बाजूला आहे, एसीने काच जास्त गार झालीय. तापमान वाढवा आणि काचेवरचा झोत बंद करा. वायपरने फरक पडला नाही तर वाफ आत आहे. एसी चालूच ठेवा, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद करून बाहेरची हवा घ्या, झोत काचेवर आणि तापमानाचा नॉब गरमकडे. एसी हवा कोरडी करतो, हीटर ती तापवतो, दोन्ही एकत्र चालवायला काही हरकत नाही. पावसात बाहेरची हवा घेऊन काय फायदा, असं वाटेल. पण ती कॉइलवरून कोरडी होऊनच आत येते.

आणखी एक, गाडी सेकंडहँड आहे म्हणून. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात असंख्य गाड्या बुडाल्या. सीट बेल्ट पूर्ण बाहेर खेचून शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, आणि सीटच्या रुळांवरचा गंजही तपासा. तसं काही आढळलं तर वर सांगितलेल्या दुरुस्त्यांवर खर्च करण्याआधी सगळं वायरिंग तपासून घ्या. एसीच्या धारेची चाचणी मात्र आजच करा आणि काय दिसलं ते इथे लिहा.