इंटरमिजिएट स्पॅनिश ड्रॉप करू का? नको, आधी मधलं इंग्लिश काढ

अगं, तुझा प्रश्न काल रात्रीच वाचला होता, पण उत्तर लांबणार हे दिसत होतं म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: ही बडोद्याची आहे, गावाबाहेरच्या एका युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला. स्पॅनिशचे बिगिनरचे दोन सेम चांगल्या मार्कांनी पार पडले, आता इंटरमिजिएट घेतलंय तर सर वर्गात आल्यापासून जाईपर्यंत स्पॅनिशच बोलतात, हिच्या अर्धं डोक्यावरून जातं, दोन-तीन मुलं शाळेपासून स्पॅनिश शिकलेली आहेत ती फाडफाड बोलतात, आणि कोर्स ड्रॉप करायची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. शिवाय घरी मराठी, सोसायटीत गुजराती, मैत्रिणींशी हिंदी, कॉलेजात इंग्लिश, त्यात ही पाचवी, तर सगळ्याची खिचडी होतेय का असंही विचारलंय.

ड्रॉप करू नकोस. मी मकरपुरा जीआयडीसीत एक्सपोर्टचं काम बघते, आमची गिऱ्हाइकं मेक्सिको आणि कोलंबियाकडची, त्यामुळे स्पॅनिश शिकले ते नोकरी सांभाळून, आणि आता संध्याकाळी घरी थोडी मुलंही येतात शिकायला. त्यातली जवळजवळ सगळी बिगिनर संपवून पुढे गेली की पहिला महिना हेच म्हणतात. आणि त्याचं कारण त्यांची हुशारी कमी पडते हे नसतं.

बिगिनरला तुला काय विचारायचे? नाव काय, घरात कोण कोण, किती वाजले, रिकाम्या जागा भरा. भाषा किती येते ते मोजायच्या युरोपच्या लेव्हल्स आहेत, त्यांप्रमाणे ते ए वन आणि ए टू, त्याच्या वर बी वन. इंटरमिजिएट म्हणजे ए टू कडून बी वन कडे जाणं, आणि बी वनला अपेक्षा अशी की झालेली गोष्ट सांगता यावी, स्वतःचं मत मांडून दोन कारणं देता यावीत, प्रवासात काही अडलं तर निभावून नेता यावं. म्हणजे एक वाक्य बरोबर येऊन भागत नाही, सलग दहा वाक्यं यावी लागतात, आणि तिथे तू जे करतेस ते उघडं पडतं, ते म्हणजे मनात मराठीत विचार, त्याचं इंग्लिश, आणि मग त्या इंग्लिशचं स्पॅनिश. दोन ट्रान्सलेशनं होईपर्यंत सर पुढच्या बेंचवर गेलेले असतात.

यात तुझा दोष नाही, पुस्तकंच तशी आहेत. आपल्याकडे मिळणारी बहुतेक पुस्तकं इंग्लिश बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली, त्यांना जे अवघड जातं त्यावर चार-चार पानं, आणि आपणही उगाच ते अवघड म्हणून पाठ करत बसतो. मधलं इंग्लिश काढून टाक आणि सरळ मराठीवरून उडी मार, निम्मं काम तिथेच होतं. उगाच भाषाप्रेम म्हणून सांगत नाहीये, बघच आता.

'मला आंबे आवडतात.' स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तान लोस मांगोस'. आंबे अनेक म्हणून आपलं क्रियापद अनेकवचनी, त्यांचंही. इंग्लिशवाल्यांना हे उलटं वाटतं कारण त्यांच्याकडे आवडून घेणारा कर्ता असतो, आपल्याकडे 'मला' आणि स्पॅनिशमध्ये 'मे'. मला वाटतं, मला लाज वाटते, मला कंटाळा येतो, हे सगळं त्याच साच्यात बसतं. डोकं दुखतंय ला तेवढं ते 'मला डोकं दुखतं' अशा पद्धतीने म्हणतात, ते लक्षात ठेव.

दुसरं, तुमच्या सरांनी माणसाच्या आधी 'आ' लावायला सांगितला असेल आणि वर्गात सगळे तो विसरत असतील. आपण 'पिक्चर बघितला' म्हणतो पण 'मामाला बघितलं' म्हणतो ना? कर्म माणूस असलं की 'ला'. स्पॅनिशमध्येही पिक्चरला काही नाही, 'बी ला पेलीकुला', आणि मामाला 'बी आ मी तीओ'. तुझ्या जिभेला हे जन्मापासून येतंय, फक्त इंग्लिशमधून गेलीस की वाटेत गळतं.

आता भूतकाळ, कारण तुझी खरी अडचण तीच दिसतेय. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन, झालं-संपलं सांगणारा इंदेफिनिदो आणि चालू असलेलं किंवा सवयीचं सांगणारा इम्पेरफेक्तो, यातला कुठला लावायचा यावर इंटरमिजिएटचे निम्मे मार्क जातात. 'लहानपणी आम्ही दर रविवारी कमाटीबागेत जायचो', हे 'जायचो' म्हणजे इम्पेरफेक्तो, 'ईबामोस'. 'आम्ही कमाटीबागेत जात होतो आणि वाटेत पाऊस आला', यातलं 'जात होतो' पण इम्पेरफेक्तो, आणि 'आला' इंदेफिनिदो. 'काल कमाटीबागेत गेलो', झालं-संपलं, इंदेफिनिदो, 'फुइमोस'. म्हणजे 'यचो' आणि 'त होतो' एका डब्यात, 'गेलो-आला-केलं' दुसऱ्या डब्यात, इतकं सोपं करून घे. आणि पुस्तकात जी अर्थ बदलणारी क्रियापदं म्हणून चौकट असते ना, ती तर आपल्याला पाठ करायचीच गरज नाही. 'मला माहीत होतं' ते 'साबीआ', 'मला कळलं' ते 'सूपे'. आपण दोन वेगळी क्रियापदं वापरतो, ते एकाच क्रियापदाचे दोन काळ वापरतात, एवढाच फरक.

पण एके ठिकाणी मराठी फसवते. 'आम्ही सुरतला पाच वर्षं राहत होतो' असं आपण सहज म्हणतो, आणि 'राहत होतो' दिसलं की हात इम्पेरफेक्तोकडे जातो. स्पॅनिशमध्ये मुदत मोजून सांगितली की ती पुरी झालेली गोष्ट, इंदेफिनिदो लागणार. पाच वर्षं, तीन महिने, अख्खा उन्हाळा, असा आकडा किंवा हद्द आली की मराठीत 'राहिलो' करून बघ आणि मग लिही. माझ्याकडच्या मुलांना मी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा किंवा शंका असली की लागणारं क्रियापदाचं वेगळं रूप, त्याबद्दल तू घाबरून लिहिलंयस, 'इंग्लिशमध्ये असलं काही नाहीच'. इंग्लिशमध्ये जवळजवळ नाहीच, आपल्याकडे आहे. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' बघ, ते 'येतेस' नाही, 'येशील' नाही, इच्छेचं वेगळं रूप आहे आणि त्याला 'तू'चा शेपूटही आहे. 'क्येरो के बेंगास' यात 'बेंगास' तेच काम करतं. पाऊस पडावा म्हणून, त्याने लवकर बरं व्हावं, तुम्ही बसावं, जिथे जिथे मनात 'वं-वा-वी' येतं तिथे सबजंक्टिव्ह आणायला हरकत नाही, बहुतेक वेळा बरोबरच येतं.

मात्र शंका आणि 'क्वांदो' (म्हणजे 'जेव्हा') या दोन जागी मराठी मदत करत नाही, त्या घोकायच्या. 'तो येईल असं वाटत नाही' यात आपला साधा भविष्यकाळ आहे, त्यांचं 'नो क्रेओ के बेंगा', सबजंक्टिव्ह. 'पोचलीस की फोन कर' यात तर आपण चक्क भूतकाळाचं रूप वापरतो, आणि त्यांचं 'क्वांदो येगेस, यामामे', पुन्हा सबजंक्टिव्ह, कारण पोचणं अजून व्हायचंय. आणि याच्या उलट 'आलीस तर' या अर्थाचं 'सी ब्येनेस' येतं तिथे साधा वर्तमान, तिथे चुकूनही प्रेझेंट सबजंक्टिव्ह लावू नकोस. 'आली असतीस तर' वगैरे प्रकरण पुढे येईल तेव्हा बघू.

सर्वनामांना मराठीचा काही उपयोग नाही. 'मी ते त्याला दिलं' याचं 'से लो दी' होतं, 'ले लो' नाही, दोन 'ल' शेजारी आले की पहिल्याचा 'से' होतो, हे समजून घ्यायला एक मिनिट लागतं आणि तोंडात बसायला दोन महिने. घरात काहीही देता-घेताना मनात म्हणत जा, आईला चावी दिली, 'से ला दी', भावाला चार्जर दिला, 'से लो दी'. वेड्यासारखं वाटतं पण याला दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

आता ते डोक्यावरून जाणारं ऐकणं. यात एक गोष्ट कोणी सांगत नाही, आपल्या कानाला आघाताची सवय नाही. मराठीत शब्दावर जोर कुठेही पडला तरी अर्थ तोच राहतो. स्पॅनिशमध्ये 'आब्लो' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर 'मी बोलते', आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला'. बिगिनरला सगळं वर्तमानात होतं म्हणून चाललं, आता सर गोष्ट सांगतायत आणि तुला कळत नाहीये की ते स्वतःबद्दल बोलतायत की कोणाबद्दल. जोर दाखवायला अक्षरावर तिरकी रेघ देतात, वहीत ती गाळत असशील तर आजपासून गाळू नकोस, ती सजावट नाही. उच्चारात मात्र आपण पुढे आहोत, त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दाताला जीभ लावून, इंग्लिशच्या नादाने 'टोमाटे' म्हणू नकोस, 'तोमाते' म्हण. 'पेरो' मधला एक र आणि दोन र तेवढे वेगळे काढायला शिक, एक म्हणजे 'पण' आणि दुसरा म्हणजे कुत्रा.

ऐकायला रोज थोडं ऐक, पण असं ऐक की ज्याचं लिखित समोर आहे. आधी न बघता, मग बघून, मग परत न बघता. रेडिओ आम्बुलान्ते नावाचा स्पॅनिश पॉडकास्ट आहे, ते लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या गोष्टी सांगतात आणि लिखितही देतात, तुला आत्ता जड जाईल पण सेमच्या शेवटी करून बघ. वाचायला बीबीसी मुंदोवर, म्हणजे बीबीसीच्या स्पॅनिश साइटवर, भारताची बातमी शोध, विषय माहीत असला की अर्धे शब्द आपोआप लागतात. सिरीज बघत असशील तर सबटायटल स्पॅनिशच ठेव. इंग्लिश सबटायटल लावून चार सिरीज बघितल्या आणि काही आलं नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे दर वर्षी कोणीतरी येतंच.

शाळेपासून शिकलेल्या त्या मुलांचं मनाला लावून घेऊ नकोस. ते फाडफाड बोलतात ते बहुतेक वर्तमानकाळात, नीट कान देऊन ऐक. त्यांच्यातल्या एकीला पकड आणि कँटीनमध्ये रोज पंधरा मिनिटं फक्त स्पॅनिश बोला. विषय घरचेच घ्या, नवरात्रीत कुठल्या ग्राउंडवर गरबा खेळलीस, पास कसे मिळवले, दांडिया बाजारातल्या गणपतीत काय बघितलंस. हे सगळं भूतकाळात सांगावं लागतं आणि सरांच्या ओरलमध्ये असंच काहीतरी विचारतात.

सरांना एक विचारून घे, स्पेनचं चालवतायत की लॅटिन अमेरिकेचं. स्पेनमध्ये मित्रमंडळींना अनेकवचनात 'बोसोत्रोस', पलीकडे सगळीकडे 'उस्तेदेस', आणि अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस'. आपलं बडोद्याचं मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात तसलाच प्रकार, दोन्ही बरोबरच, पण पेपरात एकच धरून लिहावं. मला कामात 'बोसोत्रोस' कधी लागलंच नाही.

परीक्षेचं विचारलंयस तर युनिव्हर्सिटीच्या मार्कांपेक्षा बाहेर डेले या स्पॅनिशच्या परीक्षेला किंमत जास्त, ती इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची भाषेची संस्था घेते, दिल्लीला त्यांची शाखा आहे, इथून रात्रीची राजधानी पकडली की सकाळी दिल्ली. सर्टिफिकेटला एक्सपायरी नाही. बी वनला दोन गट असतात, वाचन-लेखन एकत्र आणि ऐकणं-बोलणं एकत्र, आणि प्रत्येक गटात 50 पैकी 30 लागतातच, एकात 48 आणि दुसऱ्यात 28 आले तर नापास. म्हणून म्हणते ऐकणं-बोलणं आत्तापासून धर. सिएले म्हणून दुसरी आहे ती कॉम्प्युटरवर, त्यात पास-नापास नाही, 1000 पैकी गुण आणि त्याला पाच वर्षांची मुदत. नोकरीसाठी म्हणशील तर मी डेलेच दे सांगेन, पण घाईने या वर्षी नको, हा सेम आणि पुढचा सेम होऊ दे.

राहिली खिचडी. चार भाषा आधीच येतात म्हणूनच तुला पाचवी लवकर येणार आहे, गुजरातीतही 'मने गमे छे' म्हणतोच की आपण, तिथेही 'मला'च. शुक्रवारच्या आत सरांना त्यांच्या वेळेत एकदा जाऊन भेट, काय कळत नाही ते नेमकं सांग, नुसतं 'कळत नाही' म्हणू नकोस, 'भूतकाळ ऐकताना ओळखता येत नाही' असं सांग, आणि जमलं तर तेवढं स्पॅनिशमध्येच सांग. तुझ्या वहीतला भूतकाळाचा एखादा परिच्छेद इथे टाकलास तर मी बघून देईन, रात्री नवानंतर असते मी.