अनुनादक नको, आणि घटका का भरते

प्रश्न असा आहे: फोनात आणि इतर उपकरणांत वेळेचा ठोका देणाऱ्या मेम्स रेझोनेटरला (मेम्स म्हणजे चिपवर कोरलेली अतिसूक्ष्म हलती यंत्रं, रेझोनेटर म्हणजे त्यातला ठरावीक वेगाने थरथरणारा भाग) मराठीत अनुनादक म्हणावं, अनुस्पंदक म्हणावं, की सरळ 'छोटा क्रिस्टल' म्हणून मोकळं व्हावं?

क्रिस्टल आधी बंद करा. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. या धंद्यात क्रिस्टल म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. तिला वीज दिली की ती हलते, दाबली की वीज देते. घड्याळातली गारगोटी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. मेम्समध्ये गारगोटी नसतेच. तिथे चिपसारखाच सिलिकॉन कोरून एक इवलीशी पट्टी किंवा चौकट मोकळी सोडलेली असते. सिलिकॉनही स्फटिकच, हे मान्य. पण त्या न्यायाने बोर्डावरच्या प्रत्येक चिपला क्रिस्टल म्हणावं लागेल.

अनुनादकही नको. हा शब्द करणाऱ्यांनी वस्तू पाहिली नाही, लॅटिन पाहिलं. मूळ क्रियापद 'रेसोनारे', म्हणजे पुन्हा वाजणं. तेवढं उचलून इथे ठेवलं. संस्कृतात नद् हा धातू आवाजाचा आणि स्पन्द् थरथरण्याचा. आपली ही पट्टी बहुधा निर्वात पोकळीत बंद असते. हवाच नाही तर नाद कुठला? 'मग नादकाटा कसा चालतो?' असं कुणी विचारेल. नादकाटा हवेत वाजतो आणि आपण तो ऐकतो, म्हणून चालतो. परिभाषा घडवणाऱ्यांनी एवढा फरक करायला हवा होता. तेव्हा दोघांत अनुस्पंदक बरा.

पण माझा जीव अडकला आहे तो 'घटका' या शब्दात. घटी, घटिका म्हणजे लहानसा घट. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की २४ मिनिटं झाली. अशा ६० घटका म्हणजे एक दिवस. भांड्याचं नाव काळाला मिळालं आणि पुढे घडी, घटकाभर, घडोघडी असा सगळा गोतावळा झाला. 'त्याची घटका भरली' म्हणताना डोळ्यांपुढे मृत्यू येतो, वाटी कुणालाच दिसत नाही. पण भरते ती वाटीच!

आता मेम्स पाहा. तेही एक भांडंच आहे, फक्त उलटं. घटिकेत पाणी शिरतं म्हणून वेळ कळते. इथे आत काही शिरत नाही म्हणून ती टिकते. २०१८ साली अमेरिकेतल्या एका इस्पितळात नवं एमआरआय यंत्र बसवताना हेलियम गळला आणि तिथले कितीतरी आयफोन बंद पडले. हेलियमचे अणू इतके बारीक की बंद पोकळीतही झिरपले, पट्टीची थरथर बिघडली, ठोका थांबला आणि ठोक्याविना फोन चालेना. त्या फोनांची घटका अक्षरशः भरली होती! पुढे हेलियम हळूहळू बाहेर निघून गेला तसे बहुतेक फोन पुन्हा सुरू झाले. हे वाचल्यापासून माझं मत पक्कं आहे: या वस्तूला 'कंपघटी' म्हणावं. भांडं, काळ आणि थरथर तिन्ही त्यात आली, आणि शब्द तोंडात बसतो. अनुस्पंदकाला यातलं एकच साधतं. 'संस्कृत जोडशब्द कोण बोलणार?' म्हणणाऱ्यांनी अनुस्पंदक मोठ्याने तीनदा म्हणून पाहावा.

एक मात्र सांभाळा. कंपघटी फक्त थरथरणाऱ्या भागाला म्हणायचं. तिला सतत हलतं ठेवणारं सर्किट धरून अख्खी डबी हातात असेल तर तो ऑसिलेटर. दुकानात बहुतेक वेळा तोच मिळतो.