कॉर्न स्नेक माणसाळवायला रोज किती वेळ हातात धरावा?

तुम्ही लिहिलंय, कॉर्न स्नेकचं (हा घरी पाळला जाणारा बिनविषारी साप) पिल्लू शेपटी थरथरवतं, मान आखडून झेप घेतं, म्हणून मित्राने रोज तासभर घट्ट धरून ठेवायला सांगितलंय. अजिबात करू नका.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, लेकीचा कॉर्न स्नेक आहे. माझे दीर पुण्याहून आले होते. गावाकडे साप पकडलेले, त्यामुळे त्यांचं मत ठाम: मानेपाशी दाबला की साप गप्प होतो, आणि गप्प झाला की माणसाळला. आदल्याच रात्री आमच्या सापाने उंदीर गिळला होता, पोटाचा फुगवटा दिसत होता. लेक नको नको म्हणत असताना भाऊजींनी वरून हात घालून मान धरली. साप निपचित झाला. "बघा वहिनी, आला ना ताळ्यावर!" संध्याकाळी त्याने अर्धवट पचलेला उंदीर ओकला. सापाची उलटी साधी नसते, पोटातलं आम्ल अन्ननलिकेला पोळतं. पुढे दोनेक आठवडे उपाशी ठेवून मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्यावा लागतो. लेक रोज सापाच्या काचेच्या टाकीपाशी बसून असायची. भाऊजी अजून म्हणतात, उंदीरच खराब होता. नव्हता. फ्रीजरमधल्या त्याच पाकिटातले बाकीचे त्याने नंतर नीट पचवले.

भीतीने गारठलेला साप माणसाळलेला नसतो. निवांत साप सावकाश सरकतो, जीभ आत-बाहेर करत वास घेतो. घाबरलेला ताठ होतो, हिसके देतो, घाण वासाचा द्रव सोडतो. वरून येतो तो शिकारी पक्षी, एवढं त्याला उपजत कळतं. म्हणून हात बाजूने न्या, पोटाखाली आधार द्या, मान मोकळी ठेवा आणि त्याला या हातावरून त्या हातावर जाऊ द्या. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, तेही एक-दोन दिवसांआड. शांत असतानाच परत ठेवा. जेवल्यावर 48 तास आणि कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले की हात लावायचा नाही. नुकताच आणला असेल तर आधी दोन-तीन जेवणं सुरळीत होऊ द्या. टाकीत लपायला उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशा दोन जागा हव्यातच. त्या नसतील तर हाताळणीचा काही उपयोग नाही.

काही पिल्लं मोठी होईपर्यंत झेपावतातच, तेव्हा महिन्याभरात निकाल मागू नका. आणि हे फक्त पाळीव पैदाशीच्या सापांबद्दल. भारतात धामण किंवा दिवड पकडून घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग मान दाबायची कला कितीही येत असो.