उद्याचे खेळाडू द्यावेत की राखावेत?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मेजर लीग बेसबॉल

प्रश्न : आमचा आवडता संघ गटात चार सामने मागे आहे आणि जुलैअखेर ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपते. मायनर लीगमधले (मेजर लीगच्या खालच्या लीगमधले) तीन चांगले तरुण देऊन एक नावाजलेला स्टार्टर, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू फेकणारा पिचर, आणावा, असं बहुतेक चाहते म्हणतात. आणावा का?

उत्तर : पिचरचं नाव क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याच्यावर संघाचा हक्क किती हंगाम उरलाय ते बघा. मेजर लीगमध्ये १७२ दिवसांची सेवा म्हणजे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, होतो. पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो. २०२५ मध्ये हा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. पुढची तीन वर्षं पगार लवादाने ठरतो, तोही बाजारभावापेक्षा कमीच. तुम्ही जे तीन तरुण देणार, त्यांची खरी किंमत या स्वस्त सहा वर्षांत आहे.

आता समोरचा पिचर हंगाम संपताच फ्री एजंट होणार असेल, तर तुमच्या वाट्याला त्याची ऑगस्ट-सप्टेंबरमधली दहा-अकरा सामन्यांची सुरुवात येते. त्याच्या जागी आज जो पाचवा स्टार्टर खेळतोय, तोही त्यातले काही सामने जिंकून देतोच. म्हणजे निव्वळ फायदा एक-दोन विजयांचा. चार सामन्यांची दरी एवढ्याने भरत नाही. शिवाय हंगामाच्या मध्यावर आलेल्या खेळाडूला क्वालिफायिंग ऑफर (एका वर्षाच्या ठरावीक रकमेच्या कराराचा प्रस्ताव) देता येत नाही. तो निघून गेल्यावर भरपाई म्हणून ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) जादा निवडही मिळत नाही.

मात्र संघ ऑक्टोबरमधल्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांमध्ये, पोहोचणार हे जवळपास नक्की असेल, तर गणित पालटतं. प्लेऑफमध्ये तीन-चार स्टार्टर पुरतात, त्यामुळे एका उत्तम पिचरचं वजन वाढतं. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन लीगपैकी प्रत्येकीतून सहा संघ पुढे जातात, पण पहिली फेरी टाळता येते ती फक्त दोन सर्वोत्तम गटविजेत्यांना. बाकीच्यांना तीन सामन्यांची छोटी मालिका खेळावी लागते आणि तिथे काहीही होऊ शकतं. चार सामने मागे असताना तीन तरुण देऊ नयेत. एक द्यावा, आणि बदल्यात ज्याच्यावर पुढच्या वर्षीही हक्क राहील असा पिचर मागावा.

प्रश्न : जॉन स्मोल्ट्झला देणं ही घोडचूक आणि ग्लेबर टोरेसला देणं शहाणपणाचं, असं का म्हणतात? दोन्ही वेळा उमदा तरुणच गेला ना?

उत्तर : स्मोल्ट्झच्या बाबतीत टीका जरा अन्यायकारक आहे. ऑगस्ट १९८७ मध्ये (तेव्हा ऑगस्टमध्येही सौदे होत) डेट्रॉइट टायगर्सने या तरुण पिचरच्या बदल्यात अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर घेतला. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, त्याचा ईआरए (त्याच्या नावे लागलेल्या धावांची दर नऊ इनिंग्जमागची सरासरी) १.५३ होता, आणि टायगर्सने गट जिंकला तो टोरोंटोपेक्षा फक्त दोन सामने पुढे राहून. म्हणजे ज्यासाठी त्याला आणलं ते काम त्याने चोख केलं. प्लेऑफमध्ये मात्र त्याने दोन्ही सामने गमावले. स्मोल्ट्झ पुढे २१३ विजय आणि १५४ सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत राखलेले सामने) घेऊन हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान दालनात, गेला, म्हणून सौदा कुप्रसिद्ध झाला.

खरी चूक बघायची तर ऑगस्ट १९९० कडे बघा. बोस्टन रेड सॉक्सने रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच येणारा बदली पिचर) लॅरी अँडरसनसाठी जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. बॅगवेल तिसऱ्या बेसवर खेळायचा आणि तिथे बोस्टनकडे वेड बॉग्ज होता. वाट अडलेली, म्हणून पोरगा फालतू ठरला. ह्यूस्टनने त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. १९९१ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम नवखा ठरला, १९९४ मध्ये एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू), आणि कारकिर्दीत ४४९ होम रन. अँडरसन बोस्टनसाठी १५ सामने खेळला. वाट अडते ती जागेची, बॅटची नाही. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दुसऱ्या बेसवर जातो, तिथला माणूस आउटफिल्डमध्ये, म्हणजे मागच्या मैदानात. सोपी जागा अडली असेल तरच खेळाडू खरोखर अडकतो, कारण पहिल्या बेसवरून पुढे सरकायला जागा उरत नाही.

२०१६ मध्ये शिकागो कब्जने टोरेससह चौघे देऊन न्यूयॉर्क यांकीजकडून रिलीव्हर अरोल्डिस चॅपमन आणला. चॅपमनही भाड्याचाच, म्हणजे हंगाम संपताच फ्री एजंट होणारा, होता. हंगाम संपल्यावर तो यांकीजकडेच परतला. पण तेव्हा कब्जकडे इनफिल्डमध्ये अ‍ॅडिसन रसेल आणि हावियर बाएझ हे तरुण आधीच मेजर लीगमध्ये खेळत होते, गटात आघाडी होती, आणि उणीव नेमकी शेवटच्या इनिंग्जची होती. १९०८ नंतरची पहिली वर्ल्ड सीरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) त्यांनी त्याच वर्षी जिंकली. टोरेस ऑल-स्टार झाला तरी शिकागोत फारसं कुणी हळहळलं नाही.

प्रश्न : मग कुणालाच न देता सगळा संघ घरातूनच उभा करता येत नाही का? बाल्टिमोरने तसंच केलं.

उत्तर : केलं, आणि त्याची मर्यादाही त्यांच्याकडेच दिसते. बाल्टिमोर ओरिओल्स २०१८ मध्ये ११५ आणि २०२१ मध्ये ११० सामने हरले. दरम्यान २०१९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर अ‍ॅडली रचमन मिळाला. २०२३ मध्ये १०१ विजय. पण प्लेऑफमध्ये टेक्सासने तिन्ही सामन्यांत हरवलं, २०२४ मध्ये कॅन्सस सिटीने दोन्ही. २०२५ मध्ये तर ७५ विजय आणि ८७ पराभव.

घरात बॅटर पिकले, पिचर तेवढे पिकले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि ड्राफ्टमधली एक निवड देऊन कॉर्बिन बर्न्स आणला. तो वर्षभरच राहिला, पण संपूर्ण हंगाम संघात असल्यामुळे त्याला क्वालिफायिंग ऑफर देता आली आणि तो गेल्यावर भरपाईची निवड मिळाली. जुलैऐवजी हिवाळ्यात सौदा करण्याचा हा फायदा चाहते विसरतात.

सगळ्यांना राखण्यात दुसरी अडचण नियमांची आहे. मेजर लीगच्या रोस्टरवर (खेळणाऱ्या संघात) २६ जागा, राखीव यादीत ४०. वयाच्या अठराव्या किंवा त्याआधीच्या वर्षी करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांनंतर, त्याहून मोठ्याला चार हंगामांनंतर या ४० मध्ये घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरमधल्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला १,००,००० डॉलर देऊन उचलतो. अट एवढीच, की पुढचा संपूर्ण हंगाम त्याला मेजर लीगमध्ये ठेवायचा, नाहीतर आधीच्या संघाला ५०,००० डॉलरमध्ये परत देऊ करायचा. रॉबर्टो क्लेमेंटे पिट्सबर्गला याच वाटेने १९५४ मध्ये मिळाला. आणि ४० मध्ये घेतल्यावरही सुटका नाही. साधारणपणे तीनच हंगाम त्याला मुक्तपणे मायनरमध्ये पाठवता येतं, चौथ्या हंगामात वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे आधी इतर संघांना त्याला घ्यायची संधी द्यावी लागते.

त्यामुळे नोव्हेंबरमध्ये ४० ची यादी ठरवताना सहा जण दारात आणि जागा तीन, अशी वेळ येते. समोरचे संघही ही यादी वाचतात, मग भाव पडतो. जे तिघे नोव्हेंबरमध्ये बसणार नाहीत, त्यांना जुलैतच बाजारात काढावं. देण्यासारखे खेळाडू शोधायची सुरुवात इथूनच करायची.

प्रश्न : प्रत्यक्षात कुणाला सोडावं आणि कुणाला नाही?

उत्तर : आधी खालच्या पातळीवरचे वेगवान पिचर सोडावेत. ताशी ९८ मैलांचा चेंडू टाकणाऱ्या विशीतल्या मुलाचं कौतुक खूप होतं. पण कोपराचं लिगामेंट गेलं की टॉमी जॉन शस्त्रक्रिया होते आणि वर्षाहून जास्त काळ जातो. भाव आहे तोवर विकावा. डबल-एमध्ये (मायनर लीगच्या वरून दुसऱ्या पातळीवर) चेंडू ओळखून सोडणारा, स्ट्राइकआउट आटोक्यात ठेवणारा शॉर्टस्टॉप, सेंटर फील्डर किंवा कॅचर मात्र राखावा. डबल-एमधले पिचर ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) हवा तिथे टाकतात, त्यामुळे खालच्या लीगमधले फुगलेले आकडे तिथे उघडे पडतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘तिसरा कुणीतरी घ्या’ म्हणताना. २०१६ मध्ये व्हाइट सॉक्सने जेम्स शील्ड्ससाठी फर्नांडो टाटिस ज्युनियर दिला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता. त्याच उन्हाळ्यात डॉजर्सनी रिलीव्हर जॉश फील्ड्ससाठी योर्डान अल्वारेझ ह्यूस्टनला दिला, तोही त्यांच्याकडून एकही सामना न खेळता. दोघेही पुढे नामवंत बॅटर झाले. २०१८ मध्ये पिट्सबर्गने क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाउ आणि ऑस्टिन मेडोज तर दिलेच, वर नंतर नाव ठरवायचा खेळाडू म्हणून शेन बाझही गेला. या वयातल्या मुलांबद्दल तुमच्याच स्काउटना सर्वांत जास्त ठाऊक असतं. समोरचा संघ अशा अनोळखी मुलाचं नाव घेऊन अडून बसला, तर त्याने काय पाहिलंय ते शोधल्याशिवाय होकार देऊ नये.

प्रश्न : बास्केटबॉलमध्ये भविष्यातल्या ड्राफ्टच्या निवडी दिल्या-घेतल्या जातात. बेसबॉलमध्ये का नाही?

उत्तर : नियमच तसा आहे. इथे फक्त छोट्या बाजारपेठांच्या संघांना मिळणाऱ्या समतोल फेऱ्यांमधल्या निवडी देता येतात. बाल्टिमोरने बर्न्ससाठी दिली ती तशीच होती. निवडलेला खेळाडू त्या वर्षीची वर्ल्ड सीरीज संपेपर्यंत देता येत नाही. पूर्वी तर वर्षभर थांबावं लागे. जून २०१४ मध्ये सॅन डिएगोने करारबद्ध केलेला ट्रेआ टर्नर डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या वाट्याला आला हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण नियमापायी तो पुढच्या जूनपर्यंत सॅन डिएगोच्याच मायनर लीगमध्ये खेळत राहिला. या सौद्यानंतर मुदत कमी झाली.